अगं, किती सुटलीस!

पहिलं वाक्य दारातच टाका, मुलीने चपला काढायच्या आत. ती खाली वाकलेली असते, बेसावध असते. आतल्या खोलीतल्या आजीलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणा, "अगं, किती सुटलीस!" परीक्षा, नोकरी, नवं घर हे सगळं चहा झाल्यावर विचारलं तरी चालतं.

लग्नाच्या हॉलमध्ये हेच वाक्य ताट हातात असताना म्हणायचं. मग स्वतःच्या हाताने तिला जिलबी वाढा, "एकीने काय होतंय?" तिने खाल्ली तर शेजारणीकडे नुसतं बघा. नाही खाल्ली तर "बाई, काय नखरे!" दोन्हीकडून सरशी आपलीच. बारीक मुलींसाठी "नुसती हाडं राहिलीत, कोण करणार लग्न?" हे तयार आहेच. अगदी मापात असलेल्या मुलीही असतात म्हणे. माझ्या नात्यात अजून कुणाला सापडलेली नाही.

लोकलच्या लेडीज डब्यात बोलायचीही गरज पडत नाही. तीन जणींच्या बाकावर चौथी म्हणून टेकता येतं, हा मुंबईचा अलिखित कायदा. पण कडेला बसलेली मुलगी जाडी असेल तर "सरकून घ्या" म्हणू नका. तिच्यापासून खिडकीपर्यंत एकदा नजरेने माप घ्या आणि गोड आवाजात म्हणा, "राहू दे, मी उभीच बरी." दादर ते ठाणे ती पोट आत ओढून बसते की नाही बघा.

फिजी बेटांवर या कामाला टीव्ही लागला. तिथल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही नुकता आला होता, तेव्हाच्या पाहणीत वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी सापडली नव्हती. 1998 मध्ये तसं सांगणाऱ्या मुली 11 टक्क्यांवर गेल्या. आपल्याला टीव्हीवर अवलंबून राहावं लागत नाही. आपल्याकडे आत्या आहेत.

आता समजा, तुमच्या मेहनतीला फळ आलं आणि मुलीने जेवण सोडलं. घाबरू नका. लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी 1873 मध्ये याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा असं अवघड नाव दिलं. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, चतुर्थी अशी सुटसुटीत नावं आधीपासूनच आहेत. "उपास आहे" म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. संध्याकाळी उपास सुटला का, हे बघायला कुणीही स्वयंपाकघरात जाऊ नये.

याच टप्प्यावर तुमची खरी गरज असते. भेटाल तेव्हा म्हणा, "किती छान दिसतेस! काय केलंस काय?" गेल्या दहा वर्षांत तुम्ही तिला दिलेली ही पहिली शाबासकी. ती टिकवायला ती काय वाटेल ते करेल.

केस गळतात? मुंबईचं पाणी खराब आहे. पाळी चार महिने आली नाही? टेन्शन. मे महिन्यात, अंगाची काहिली होत असताना, ती स्वेटर घालून बसते? ऑफिसातल्या एसीची सवय. जेवण होताच बाथरूममध्ये जाते आणि नळ पूर्ण सोडते? मुलगी स्वच्छतेची. यातल्या काही मुलींचं वजन चारचौघींसारखंच असतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नाही. सारख्या उलट्यांनी दातांचं आवरण झिजतं, ते आईच्या आधी दातांच्या डॉक्टरला दिसतं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात, आणि मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत हा आजार मोडतो, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टर काहीही सांगतात. मानसोपचारवाल्याकडे तर नेऊच नका, बिल्डिंगमध्ये कळलं तर स्थळं यायची बंद होतील. 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा टेली-मानसचा सरकारी फोन रात्री-बेरात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत, वर मराठीतही बोलतात. हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये जाऊ देऊ नका.

एक धोका मात्र सांगून ठेवते, कारण आमच्या नात्यातली मोहीम इथेच फसता फसता वाचली. ब्लाउज शिवणारा टेलर. भावाच्या लग्नासाठी शिवलेले ब्लाउज त्या मुलीच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, दोनदा आत घ्यायला दिले होते, तिसऱ्यांदा मीही बरोबर गेले. त्याने वही उघडली. मुलीच्या नावाखाली तीन तारखा, तीन मापं, प्रत्येक आधीच्याहून कमी. मग ब्लाउज उलटा करून त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "ताई, आत घेऊन घेऊन सगळी मायाच झालीय. कापड कुठं राहिलंय?" आणि चष्मा कपाळावर चढवून हळूच विचारलं, "पोरीला बरं नाही का?"

एवढ्या गोतावळ्यात हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. वहिनीचा चेहरा एकदम उतरला, ती काहीतरी बोलणार होती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला बाहेर काढलं.

आता आम्ही दुसऱ्या टेलरकडे जातो. तो वही ठेवत नाही.