गुपचूप टँकच्या मागे पळा

तर तुम्ही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळायला घेताय. अभिनंदन! हजारो माणसं एकाच जगात एकत्र खेळतात असं जाहिरातीत सांगतात, ते अगदी खरं आहे. फक्त त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. बाकी काही सूचना देतो, नव्या माणसाला उपयोगी पडतील.

कॅरॅक्टर बनवताना घाई नको. नाकाचा शेंडा, भुवयांची जाडी, गालावरचा व्रण, सगळं नीट निवडा. पुढे हा चेहरा कुणी बघणार नाही. तुम्हालासुद्धा त्याची फक्त पाठ दिसणार आहे.

गोष्ट वाचू नका. काम देणाऱ्या पात्राच्या डोक्यावरच्या पिवळ्या उद्गारचिन्हावर क्लिक करा, 'स्वीकारा' दाबा आणि नकाशावरच्या बाणामागे चालू लागा. मोबाइलवर तर तेवढेही कष्ट नाहीत. कोरियात 2016 साली आलेल्या 'लिनेज 2 रिव्होल्यूशन'सारख्या गेममध्ये 'ऑटो' दाबलं की तुमचा वीर स्वतःच धावतो आणि स्वतःच राक्षस मारतो. तुम्ही तोवर कुकरच्या शिट्ट्या मोजा.

गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, जरूर जा, बोनस मिळतो. आत कोण आहे याची चौकशी करू नका.

ऑफिसला दांडी मारली तर चालेल, डेलीला, म्हणजे गेमने रोज नेमून दिलेल्या कामाला, नको.

पैशांचं म्हणाल तर हात आखडू नका. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने 2010 मध्ये चमचमता घोडा 25 डॉलरला विकला आणि तो घ्यायला ऑनलाइन रांग लागली. 2014 मध्ये 60 डॉलर टाकले की कॅरॅक्टर थेट नव्वदाव्या लेव्हलला. म्हणजे गेमसाठी पैसे द्यायचे, दर महिन्याला वर्गणी द्यायची, आणि तो खेळावा लागू नये म्हणून पुन्हा पैसे द्यायचे. लूट बॉक्स म्हणजे आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायची पेटी. तिच्याबद्दल बेल्जियमने 2018 मध्ये 'हा जुगार आहे' असं म्हणून टाकलं, त्यामुळे 2022 साली 'डायब्लो इमॉर्टल' तिथे आलाच नाही. बिचारे बेल्जियमवाले! आपल्याला ते दुःख नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, डन्जनची, म्हणजे पाच-एक जणांच्या पार्टीने मिळून राक्षस मारायच्या गुहेची. क्यू लावा, आत जा, टँकच्या (पुढे राहून मार अंगावर घेणाऱ्याच्या) मागे पळा, बाहेर या. तोंडातून अक्षर काढू नका.

हे इतकं सोपं पूर्वी नव्हतं हो. 1999 च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मेलात तर सामानासकट प्रेत तिथेच पडायचं. रिकाम्या हाताने परत जाऊन ते आणायचं, आणि एकट्याने जमत नसे म्हणून कुणाच्या तरी विनवण्या करायच्या. दुसऱ्या खंडात जायचं तर धक्क्यावर बोटीची वाट बघत उभं राहायचं. मग काय करणार, शेजारच्याशी गप्पा. 'वॉरक्राफ्ट'मध्ये सुरुवातीची काही वर्षं 'हीलर हवा, हीलर हवा' (हीलर म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा) असं शहरभर ओरडत फिरावं लागे, आणि मग सगळ्यांनी गुहेपर्यंत जायचं. कुणी लूट ढापली तर त्याचं नाव सर्व्हरभर (एकेक सर्व्हर म्हणजे त्या गेमचं वेगळं गावच) व्हायचं आणि पुढच्या वेळी त्याला कुणी पार्टीत घेत नसे. आपल्याकडे 'रॅग्नारोक ऑनलाइन'चा भारतातला सर्व्हर होता, तेव्हा सायबर कॅफेत बसून खेळलेल्यांना आठवेल: गेममधल्या प्रॉन्टेरा शहराच्या रस्त्यावर दुकानं मांडून बसलेले मर्चंट, आणि जाताजाता न मागता ब्लेसिंग, म्हणजे ताकद वाढवणारा मंत्र, टाकून जाणारा एखादा अनोळखी प्रीस्ट. आपण 'थँक्यू' टाइप करेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा.

डिसेंबर 2009 मध्ये 'वॉरक्राफ्ट'मध्ये डन्जन फाइंडर आला आणि हे मागासलेपण संपलं. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण गोळा, थेट गुहेच्या दारात हजर. ही माणसं पुन्हा भेटणार नाहीत, तेव्हा चांगलं वागायची सक्तीही नाही. बाकीच्या गेम्सनीही तोच कित्ता गिरवला.

त्याची गोड फळं मी गेल्या रविवारी रात्री चाखली. गेमचं नाव जाऊ द्या. नवीन हीलर घेतला होता. आत शिरल्यावर लिहिलं, 'हॅलो, पहिल्यांदाच येतोय.' उत्तर नाही. टँकने एका दमात तीन घोळके अंगावर घेतले आणि 'गोगोगो' टाकलं. म्हातारा झालो तरी बोटं चालतात अजून, सगळ्यांना जिवंत ठेवलं. शेवटच्या बॉसआधी कटसीन, म्हणजे गोष्ट सांगणारा छोटा सिनेमा, लागला. सख्ख्या भावाने दगा दिलेला राजा बोलत होता, दीड-दोन मिनिटांचा प्रकार. मी बघत बसलो. बाकीच्यांनी स्किप केला, लढाई सुरू केली, आणि राजाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझ्या स्क्रीनवर पाटी: 'तुम्हाला पार्टीतून काढण्यात आलं आहे. कारण: निष्क्रिय.' निष्क्रिय! ज्याच्या जिवावर इथवर पोहोचलात तो निष्क्रिय! लग्नात जेवत असताना मागे खुर्ची धरून उभे राहणारे परवडले, ते निदान ताट हिसकावत नाहीत.

कंपन्या म्हणतात, लोकांना हेच हवं होतं. मला हे आधी खोटं वाटायचं. ऑगस्ट 2019 मध्ये जुना, संथ 'वॉरक्राफ्ट' 'क्लासिक' म्हणून परत आला तेव्हा लॉगइन करायलाच तासन्‌तास क्यू. आत गेल्यावर एकेका राक्षसासाठी खेळाडू शिस्तीत रांग लावून उभे होते. वाटलं, आली माणसं भानावर. काही दिवस गेले आणि त्याच जगात 'बफ (ताकद वाढवणारे मंत्र) घेतले नसतील तर येऊ नका', 'या क्लासला (कॅरॅक्टरच्या प्रकाराला) जागा नाही', 'लॉग (आधीच्या लढायांची नोंद) दाखवा' सुरू झालं. तिथे फाइंडरचं बटण नव्हतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हे सगळं खेळणाऱ्यांनी हौसेने केलं.

तेव्हा बस झाली मस्करी. बटण कंपनीने दिलं हे खरं, पण किकवर, म्हणजे मला काढायच्या मतदानात, 'हो' कुणी दाबलं? चार जणांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तिथे आहेस ना? कसली घाई आहे तुम्हाला? रविवारी रात्री साडेअकराला कुठली गाडी सुटत होती? दोन मिनिटं वाचवून काय केलंत, तर पुन्हा त्याच डन्जनची क्यू लावलीत! 'हॅलो'ला 'हॅलो' म्हणायला पैसे पडतात का? 'नवीन आहे' म्हणून सांगणाऱ्याला 'कटसीन बघ, थांबतो' एवढं टाइप करायला बोटं झिजतात? तुम्ही काय आईच्या पोटातून मेटा बिल्ड, म्हणजे कॅरॅक्टरची सगळ्यात जोरदार ठरलेली जुळणी, घेऊन आला होतात? कुणीतरी तुम्हालाही पहिल्यांदा त्या गुहेत नेलं असेल, चुकलात तेव्हा सांभाळून घेतलं असेल. माणसांचा इतकाच कंटाळा असेल तर सिंगल प्लेयर गेम घ्या. तिथले साथीदार 'हॅलो'च्या उत्तराची वाट बघत नाहीत, कटसीन बघत नाहीत, हाकलले तर त्यांना वाईट वाटत नाही. हीलरची क्यू मात्र आमच्यासाठी सोडा.