‘तीन महिन्यांत सगळे विसरतात’? कपातीनंतर उरलेले काय लक्षात ठेवतात

आयटी कंपन्यांत नोकरकपातीचा विषय निघाला की व्यवस्थापकांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: ‘कपात एका फटक्यात करा. काढलं असं दाखवू नका, राजीनामा लिहून घ्या, म्हणजे जाणाऱ्याची नोंद स्वच्छ राहते. उरलेले तीन महिन्यांत सगळं विसरतात, उलट नोकरी वाचली म्हणून जास्त झटून काम करतात. एक टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, घेतला की झालं.’ हा सल्ला अगदी मनापासून पाळला जातो आणि त्याने माणसांचं व कंपनीचं दोघांचंही नुकसान होतं.

‘एका फटक्यात करा.’ एवढं मात्र बरोबर आहे. दर पंधरवड्याला दोन-दोन माणसं कमी होत गेली, तर पुढचा नंबर कोणाचा याच हिशेबात सगळी टीम अडकते. पण फटका एकच आहे हे लोकांना कळणार कसं? ‘आता कोणालाही हात लावणार नाही’ हे वाक्य पुढच्या तिमाहीत खोटं ठरलं, तर त्यानंतरचं कोणतंच वाक्य कोणी खरं मानत नाही. पाळता येईल तेवढंच सांगावं: ३१ मार्चपर्यंत कपात नाही, त्यानंतरचा आढावा अमुक तारखेला, आणि तो अमुक दोन निकषांवर.

‘राजीनामा लिहून घ्या.’ विश्वासाला सर्वांत मोठं भगदाड इथे पडतं, म्हणून हा मुद्दा सविस्तर पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते, आणि सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्याला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून कंपनीने भरायचा निधी) १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायला हवं. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कपातीत मोडत नाही, त्यामुळे भरपाई आणि हा निधी दोन्ही हातचे जातात.

आकड्यांत मांडू. वेतन महिना ६०,००० रुपये, सेवा ७ वर्षं ८ महिने. ही ८ वर्षं धरली जातात, म्हणजे १२० दिवस, साधारण २,४०,००० रुपये. निधीचे ३०,००० वेगळे. सही घेतली की हे २,७०,००० रुपये गेले. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते. ‘स्वच्छ नोंद’ म्हणतात ती एवढ्याला पडते. ‘इंजिनिअरला कामगार कायदा लागूच नाही’ असंही ठासून सांगितलं जातं. कायद्याच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम करणारे येतात. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक तेवढे बाहेर राहतात. कार्डावरच्या पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं हे न्यायालयं पाहतात. कोड लिहिणाऱ्याच्या कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून प्रश्न मिटत नाही.

याचा उरलेल्यांशी संबंध काय? पुष्कळ. बंद खोलीत ‘आज सही करा, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर (नोकरी सोडल्याच्या पत्रावर) शेरा मारू’ असं सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला माहीत असतं. एप्रिलमध्ये चांगलं रेटिंग मिळालेला माणूस जुलैमध्ये ‘कामगिरी कमी’ म्हणून गेला, हेही शेजारच्या खुर्चीवरच्याला ठाऊक असतं. उद्या आपल्याशीही असंच वागतील, हे तो त्यातूनच ओळखतो.

‘तीन महिन्यांत विसरतात.’ हा समज का पसरला हे पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे नोटीस पीरियड ६० ते ९० दिवसांचा. त्यात बरेच जण आधी व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) आणि इन्क्रिमेंटची वाट पाहतात, मगच राजीनामा टाकतात. म्हणून तीन महिन्यांनी काढलेला अॅट्रिशनचा, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचा, आकडा शांत दिसतो आणि गळती सातव्या-आठव्या महिन्यात समोर येते. अमेरिकेतल्या कंपन्यांवर ट्रेव्हर आणि नायबर्ग या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १ टक्का कपातीनंतर स्वतःहून नोकरी सोडण्याचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून थोडी जास्त माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘दोनच टक्के’ असं म्हणणारे बरेच होते. टक्का लहान म्हणून परिणाम लहान असतो असं नाही. आणि आधी जातात ते बाहेर सहज नोकरी मिळणारे, म्हणजे ज्यांना ठेवण्यासाठी कपात केली तेच.

तीन महिन्यांनी घेतलेल्या सर्वेक्षणात समाधान वाढलेलं दिसलं, तरी त्यावर विसंबू नये. नाराज लोक यादीतून गेलेले असतात आणि राहिलेले कंपनीच्या लॉगिनवरून खरं लिहीत नाहीत. त्यापेक्षा दुसऱ्या टीममध्ये बदलीचे अर्ज किती आले आणि बैठकीत प्रश्न विचारणारे किती उरले, ते मोजावं.

‘जास्त झटून काम करतात.’ जास्त तास बसतात, हे खरं. आठ जणांचं काम सहा जणांवर आलं की प्रत्येकावर सव्वापटीहून जास्त, म्हणजे १३३ टक्के भार पडतो. ऑन-कॉलची (कधीही फोन आला तर काम करण्याची) पाळी आठ आठवड्यांऐवजी सहाव्या आठवड्यालाच येते. घाबरलेला माणूस चूक लपवतो, रिलीजमधला (सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतला) धोका बोलून दाखवत नाही, रजाही घेत नाही. त्यात गेलेल्यांचा अॅक्सेस त्याच तासाला बंद केला असेल, तर डिप्लॉयमेंटच्या (सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू करण्याच्या) कोणत्याच कागदावर नसलेल्या पायऱ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. कपात जाहीर करतानाच बंद होणाऱ्या कामांची यादी द्यावी, क्लायंटला कळवलेल्या तारखांसकट. ती यादी नसेल, तर काम तेवढंच ठेवून फक्त माणसं कमी केली, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळतं.

‘एक टाउनहॉल घ्या.’ तीनशे जणांसमोर कोणी माईक हातात घेऊन ‘माझं काय?’ विचारत नाही. जाणाऱ्याशी त्याच्या थेट मॅनेजरने समोरासमोर बोलावं, हिशेबाचा कागद तेव्हाच हातात द्यावा. नव्या वेतन संहितेनुसार कपात असो वा राजीनामा, वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. उरलेल्या टीमला त्याच दिवशी, आठ-दहा जणांच्या गटांत भेटावं. तिथे तीन प्रश्न येतात: संपलं का, कशावरून निवड झाली, त्यांचं काम कोणाकडे. निवड कशी झाली हे मॅनेजरला सांगता येत नसेल, तर ती त्यालाही आयतीच कळवली गेली हे टीम ओळखते.

आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली, तर कपात झालेल्या कामगारांना आधी बोलावण्याची तरतूद याच संहितेत आहे. राजीनामा लिहून घेतलेल्यांना तो हक्क सांगता येत नाही. त्याच कामासाठी नवीन चेहरे आले की उरलेले मोजत असतात, जुन्यांपैकी फोन किती जणांना गेला.