7.4 म्हणजे ढ नव्हे

आज एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बाबांनी बिनधास्त लिहिलं, 'पॉइंटर (दहापैकी सरासरी ग्रेड) आठच्या खाली असेल तर अमेरिकेत एमएसचा, म्हणजे मास्टर्सचा, विचारच सोडा, अशा पोरांनी चार वर्षं टाइमपास केलेला असतो.' डोकंच फिरलं माझं. लांबलचक लिहिणार आहे, सांगून ठेवते.

माझी भाची मुंबई युनिव्हर्सिटीच्या एका साध्या अ‍ॅफिलिएटेड कॉलेजातून इंजिनिअर झाली. पॉइंटर 7.4. पेपर युनिव्हर्सिटीचा, तपासणारा कोण कुठला माहीत नाही, अर्धा वर्ग एम-थ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) लटकलेला, केटीचे, म्हणजे नापास विषय पुन्हा द्यायचे, फॉर्म भरायला ही रांग, आणि ही पोरगी एकही केटी न लागता वर्गात पहिल्या पाचात. तिच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा ऑटोनॉमस कॉलेजात. तिथे सिलॅबस कॉलेजचा, पेपर कॉलेजचा, तपासणारेही शिकवणारेच सर. त्याला 9.3. हुशार आहे तो, नाही म्हणत नाही. पण त्याच्या वर्गात नऊच्या वरची पोरं ढिगाने आहेत आणि डिग्रीवर नाव दोघांच्याही त्याच युनिव्हर्सिटीचं! तिकडे बसून अर्ज वाचणाऱ्याला कसं कळणार यातलं काही?

त्यांना भारतातलं मार्किंग थोडंफार कळतं, ठीक आहे. पण कुठलं कॉलेज हात आखडून मार्क देतं आणि कुठलं उधळतं हे त्यांना कोण सांगणार? त्यात कोविडनंतर तिकडच्या कित्येक डिपार्टमेंटनी जीआरई ही प्रवेश परीक्षा काढून टाकली. फीचा खर्च वाचला, मान्य. पण भाचीसारख्या मुलीला 'बघा, मला येतंय' म्हणायला सगळ्यांना सारखी अशी ती एकच परीक्षा होती, तीही गेली. तिला एकामागून एक रिजेक्ट आले तेव्हा ताई मला विचारत होती, 'अगं, हिने अभ्यास कमी केला का गं?' काय उत्तर देणार होते मी?

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने 2004 मध्ये ठरवलं की ए ग्रेड साधारण 35 टक्क्यांच्या आतच द्यायच्या. बाकी बहुतेक युनिव्हर्सिटींनी हात सैलच ठेवला. मुलं म्हणायला लागली की नोकरीत नि पुढच्या अ‍ॅडमिशनमध्ये आम्हीच मागे पडतो, शेवटी 2014 मध्ये गुंडाळलं ते. प्रिन्स्टनच्या पोरांना ही धास्ती, मग आमच्या पोरीने कुठे जायचं?

कडक तपासू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. कडकच तपासा, त्याशिवाय शिकत नाही कोणी. (आपल्या युनिव्हर्सिटीतही पेपर कधी कधी घाईघाईत उरकतात, हो, तेही आहे.) फक्त मार्कशीटवर त्या विषयात वर्गाचा मधला ग्रेड काय होता आणि मुलं किती होती ते छापा. अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज हे 1990 च्या दशकापासून करतंय. आपल्याकडे सगळे मार्क कॉम्प्युटरवरच असतात, एक कॉलम वाढवायला काय जातं?

तोवर माझ्या लिस्टमधल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे पोरं रेको (शिफारसपत्र) मागायला येतील. 'मेहनती आणि प्रामाणिक' वगैरे नेहमीचं लिहालच, पण त्यात वर्गात कितवी, किती जणांत, आणि त्या वर्षी किती जणांना केटी लागली तेही लिहा प्लीज. बहुतेक अर्ज डिसेंबरातच जातात.