मोजणी जिंकली, पण...

एका लेखात 'वाद सोडा, नातं धरा' असं म्हटलंय, ते वाचून आमच्या शेताचा बांध आठवला. वडील आणि काका अर्ध्या गुंठ्यासाठी, म्हणजे जेमतेम ५४५ चौरस फुटांसाठी, ११ वर्षं बोलत नव्हते. शेवटी सरकारी मोजणी झाली, खुणा वडिलांच्या बाजूने निघाल्या. त्या रात्री ते गप्पच; ताटातली भाकरी तशीच राहिली. पोळ्याला काकांचे बैल आमच्या दारात ओवाळायला यायचे, ते कधीच बंद झालं होतं.

अर्थात दर वेळी माघार घ्या, हे मला पटत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारेही 'नातं जपा' हेच ऐकवतात. पण अर्धा गुंठा? तिथे आता नुसती बोरीची झुडपं आहेत.