ओलं नेट

परवा २० तारीख होती, म्हणजे जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. उशीर झाला की रोजचे ५० रुपये दंड, आणि तो कोणाच्या चुकीने झाला यावर दुकानदार माझ्याशी महिनाभर वाद घालणार. बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी बसून मी चार दुकानांचे हिशेब बघते. नेमकं त्याच सकाळी नेट गेलं.

पुरतं गेलं असतं तरी चाललं असतं. राउटरचे सगळे दिवे हिरवे. संगणकावर आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत ‘पिंग ८.८.८.८’ टाकलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारली, की पटापट उत्तर येत होतं. आकड्याऐवजी साइटचं नाव टाकलं की ‘सापडत नाही’. म्हणजे रस्ता धडधाकट, फक्त नावावरून आकडा काढून देणारं डीएनएस बेपत्ता.

हेल्पलाइनवर ३८ मिनिटं ‘आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है’ ऐकलं. मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, मोडेम बंद करके चालू किया?" केलं म्हटलं. "एक बार और कीजिए." मी डीएनएस म्हटलं तर त्याने माझं आडनाव डीएनएस लिहून घेतलं की काय कोण जाणे, पण पुढे मला ‘डीएनएस मॅडम’च म्हणत राहिला.

तेवढ्यात वरचे नाना आले. नाना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण वाड्यातली कुठलीही वायर अजून त्यांच्याच अखत्यारीत येते. हातात सुनेचा हेअर ड्रायर.

"ओल लागलीय. सूरसागर तळ्याची हवा आहे ही, पावसाळ्यात तारेत शिरते."

"नाना, आता तांब्याची तार नसते. फायबर आहे, काच."

"काचेला बुरशी येते. माझ्या दुर्बिणीला आली होती."

आणि राउटरचा प्लग उपटून त्यांनी तिथे ड्रायर लावला. (बोर्डावर चालू सॉकेट एकच. दुसरं दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन दिवाळीपासून ‘काले आवुं छुं’, उद्या येतो, म्हणतोय.) मी डोकं धरून बसले. मग त्यांना गप्प करायला डीएनएस काय ते सांगितलं. ऐकून म्हणाले, "हात्तिच्या! म्हणजे आमचं चौकशीचं १९७. नाव सांगा, नंबर घ्या." मला सतरा लेख वाचून जे कळलं ते या गृहस्थांना ड्रायर चालू असताना कळावं, याचा मला अजून राग आहे.

तसं १९७ वर निदान माणूस तरी बोलायचा. इंटरनेटच्या आधीच्या काळात अर्पानेट या अमेरिकी जाळ्यातल्या संगणकांची सगळी नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेच्या एकाच फाइलमध्ये असत. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांच्या सहकारी ती सांभाळायच्या. नवा संगणक आला की ऑफिसच्या वेळात त्यांना फोन करायचा. यादी आवरेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं. प्रगती झाली, कबूल. पण त्या बायकांनी कुणाला ३८ मिनिटं सनई ऐकवली नसणार.

असो. ड्रायर काढून राउटरचा प्लग परत लावला. राउटरच्या आत शिरायला पासवर्ड हवा होता, तो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर, आणि राउटर नानांच्या मांडीवर.

"वाचा नाना."

"बी फॉर बॉम्बे. एम फॉर मद्रास. सात. डी फॉर डेल्ही."

"मोठा की छोटा?"

"कोण?"

"डी. कॅपिटल की स्मॉल?"

नाना दुखावले. "आमच्या एक्स्चेंजला मोठा-छोटा नव्हता. ट्रंक कॉल सगळ्यांना सारखाच."

पाचव्या खेपेला पासवर्ड लागला. आत बघते तर डीएनएसच्या रकान्यात दहाने सुरू होणारा आकडा. आठवडाभर राहून आदल्या रात्रीच्या बसने पुण्याला गेलेल्या भाच्याने जाताजाता स्वतःच्या ऑफिसातल्या सर्व्हरचा पत्ता माझ्या राउटरमध्ये भरला होता. ते दहाचे पत्ते ज्याच्या-त्याच्या चार भिंतींपुरते. माझं घर रात्रभर बडोद्यात बसून पुण्याच्या एका बंद खोलीला हाका मारत होतं. पत्ता खोडला, ८.८.८.८ आणि ८.८.४.४ घातले, संगणकाची जुनी स्मरणशक्ती ‘फ्लश’ केली. पान उघडलं.

नानांनी ड्रायर गुंडाळला. "बघ, सुकलं."

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात रिटर्नचा ओटीपी आला. त्याच्यामागून कंपनीचा मेसेज: आपल्या तक्रारीचं निराकरण आम्ही केलं आहे, कृपया पाचपैकी तारे द्या.

संध्याकाळी खालच्या शहाकाकी दारात. मला वाटलं, निदान चौकशीला आल्या.

"नाना आहेत का गं वर? आमचं पण नेट ओलं झालंय."