बायपोलर असेल तर जागरणाचा सल्ला नको

अभ्यासातल्या एकाग्रतेवरचा एक लेख वाचला. त्यात पहाटे चारला उठा, परीक्षेआधी रात्री जागून उजळणी करा, असं सुचवलंय. इतरांचं ठीक आहे, पण बायपोलर (मन कधी टोकाच्या उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाणारा मानसिक आजार) असलेल्या मुलांसाठी हे घातक आहे. झोप मोडली की मॅनिया, म्हणजे तो टोकाचा उत्साह, उसळू शकतो. माझा धाकटा भाऊ हा आजार सांभाळून सीएचा अभ्यास करतोय. उद्या पेपर असला तरी आमच्याकडे साडेदहाला दिवा बंद.

नैराश्याच्या काळात एकच परिच्छेद तो पुन्हा पुन्हा वाचतो, खालच्या ओळीवर येईपर्यंत वरची निसटलेली असते. तेव्हा तो नुसता वाचत बसत नाही. कॉस्टिंगचं सोडवलेलं गणित वहीत उतरवतो आणि प्रत्येक पायरीशेजारी पेन्सिलीने ‘हे का?’ लिहून उत्तर शोधतो. हात चालता राहिला की त्याचं लक्षही टिकतं.

आणि लिथियमने (या आजारावरचं औषध) डोकं जड वाटतं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, कळकळीने सांगते. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतं, त्यानेही लक्ष लागत नाही. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेतल्या सवलतींची चौकशी परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच करा.