क्रीमऐवजी नारळाचा रस
कंदांच्या सूपवरच्या एका लेखात दाटपणासाठी फ्रेश क्रीम घालायला सांगितलंय. आम्हा गोवेकरांच्या घरी नारळ असतोच, त्याचा रस घालून बघा! हिवाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कणगी (छोटे कंद), रताळी आणली की मी ती कांदा-आल्याबरोबर नारळाच्या पातळ रसात शिजवते. दाटपणा कंदाच्या पिठूळपणातूनच येतो. पहिला दाट रस मात्र गॅस बंद केल्यावरच घालायचा. उकळला तर फुटतो आणि सगळी मेहनत वाया. मिक्सर जास्त फिरवू नका, सूप चिकट होतं. गरमागरम तर मुळीच वाटू नका, वाफेने झाकण उडतं. सुरण घेणार असाल तर आधी चिंचेच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या, नाहीतर घसा खाजतो. वरून ताजी मिरपूड पुरे.